फ्रेचा रस्ता पाठ करताना

मी एक जुनी निळी पिकअप गाडी आहे. पण माझ्या मागच्या काचेवर ठळक अक्षरांत लिहिले आहे, 'ही गाडी पांढरी आहे.' मित्रांनो, हसू नका. मला घेतले तेव्हा इनपान आजोबा चाळिशीचे होते, आणि ज्योतिषाने त्यांना सांगितले होते की रविवारी जन्मलेल्या माणसाला निळा रंग सोसत नाही. दुकानात तर निळीच गाडी शिल्लक होती. तेव्हा आमच्याकडे सगळे जे करतात तेच त्यांनी केले. रंग बदलला नाही, पट्टी चिकटवली. नशिबाला वाचता येत असावे, कारण तेहतीस वर्षांत माझ्या हातून कोणाला साधे खरचटलेही नाही.

माझा जन्म बँकॉकजवळच्या एका कारखान्यात झाला. त्यातले फारसे आठवत नाही. ठिणग्या आठवतात आणि नव्या रबराचा वास. मग आणखी पाच बहिणींबरोबर एका लांबलचक ट्रकच्या पाठीवर चढवून मला उत्तरेला नान गावात आणले. म्हणजे डोंगर ओलांडून मी आले खरी, पण बसून आले, आणि माझे तोंड मागच्या दिशेला होते. ज्या घाटातून आले तो मला दिसलाच नाही. पुढची सगळी वर्षे माझी चाके नान प्रांताच्या आतच फिरली.

पहिल्याच आठवड्यात मला मंदिरात नेले. भन्तेंनी माझ्या छपराला आतून पांढऱ्या लेपाचे नऊ ठिपके लावले, पाणी शिंपडले. प्रत्येक गाडीत एक देवी राहते असे आमच्याकडे मानतात. तिच्यासाठी बुआलाय आजी, म्हणजे इनपान आजोबांच्या पत्नी, महिन्यातल्या चारही पवित्र दिवशी माझ्या आरशाला मोगऱ्याची ताजी माळ बांधीत. त्या दिवशी त्या आठ शीले पाळतात; दुपारचे बारा वाजले की पाण्याशिवाय काही घेत नाहीत. माळ बांधताना हळूच म्हणत, "गाडीतल्या माये, माझी माणसं घरी आण." मी आणीत असे.

ते दिवस चांगले होते. नदीपलीकडे आमचा संत्र्यांचा मळा होता. माझा हौदा काठोकाठ भरून मी बाजारात उभी राहिले की लोक आधी मला विचारीत, मग संत्र्यांना. प्रयातला, म्हणजे धाकट्या मुलाला, मी सहा वर्षे शाळेत पोहोचवले. नदीवर लांब होड्यांच्या शर्यती होत, तेव्हा जिंकलेले चाळीस वल्हेकरी भिजल्या अंगाने माझ्या हौद्यात चढले होते. माझे स्प्रिंगचे पाटे तेव्हाच एका बाजूला बसले, आणि त्याचे मला कधी वाईट वाटले नाही.

मग संत्र्याच्या झाडांना रोग लागला आणि मळा तोडावा लागला. आजोबांनी बाजूला पाळणा जोडलेली फटफटी घेतली. बाजारहाटाला तीच पुरेशी झाली. आमचे घर लाकडी खांबांवर उभे आहे. त्या खांबांमध्ये मला लावून ठेवले. हौद्यात मागाच्या जुन्या फळ्या आल्या, फळ्यांवर कोंबडी आली, कोंबडीने अंडी घातली. मित्रांनो, उभ्या गाडीला काय होते हे चालत्या माणसाला कळत नाही. टायर एकाच जागी दबत जातो. तेल खाली बसते. रस्त्यावरून एखादी गाडी गेली की आपल्या नटबोल्टांत काहीतरी हलते आणि पुन्हा गप्प होते. वरच्या फळ्यांमधून घरातले सगळे बोलणे खाली गळते, आणि ऐकत राहण्यावाचून दुसरा उद्योग नसतो.

म्हणून ही हकीकत मला पहिल्या शब्दापासून माहीत आहे.

त्या थंडीत आजींना बहात्तर वर्षे पुरी होत होती, म्हणजे बारा-बारा वर्षांच्या सहा फेऱ्या; आमच्याकडे त्या बाराही वर्षांना एकेका प्राण्याचे नाव असते. आयुष्य वाढावे म्हणून मंदिरात विधी करायचा होता. त्याला लागणारे बांबू वाहायला फटफटी अपुरी पडली आणि मला बाहेर काढले. विधीआधी भन्तेंनी जन्मवेळ विचारली.

"माघ पौर्णिमेच्या दोन दिवस आधी," आजी म्हणाल्या. "सशाचं वर्ष."

भन्ते जुन्या पंचांगावर बोट फिरवत राहिले. मग म्हणाले, "वर्ष बदलतं एप्रिलात, सोंगक्रानला. तुमचा जन्म दोन महिने आधीचा. तेव्हा ससा लागलाच नव्हता, आजी. तुमचं वर्ष वाघाचं."

चूक आजींच्या वडिलांची. त्या वर्षी त्यांच्या घरी पहिल्यांदा छापील कॅलेंडर आले होते. त्यांना त्याचा फार अभिमान. कॅलेंडर जानेवारीत सुरू झाले, म्हणून त्यांनी वर्षही जानेवारीत सुरू केले आणि मुलीला ससा करून टाकले.

घरी येताना आजोबांना हसू आवरेना. "पन्नास वर्षं मी समजतोय घरात ससा आहे. तरीच म्हटलं, मला इतकी भीती का वाटते."

आजी हसल्या नाहीत. आमच्याकडे बारा वर्षांचे बारा धातुस्तूप, म्हणजे बुद्धाच्या अवशेषांवर उभारलेले स्तूप, आहेत. माणूस जन्मण्याआधी त्याचा जीव आपल्या वर्षाच्या स्तूपापाशी थांबलेला असतो, आणि मेल्यावर तिथेच परत जातो. सशाचा स्तूप आमच्या गावालगतच्या टेकडीवर, चे हेंगला. आजी लहानपणापासून तिथे जात आल्या. आंधळ्यासारखे चालत गेल्या तरी पोहोचतील. वाघाचा स्तूप मात्र शेजारच्या प्रांतात, फ्रे शहरापलीकडे चो हेला. सव्वाशे किलोमीटरच्या वर, मध्ये घाट. तिकडे त्या कधीच गेल्या नव्हत्या. आणि चालू वर्षही वाघाचेच होते, सोंगक्रानला संपणारे.

"जायचं आहे मला," जेवताना त्या एवढेच म्हणाल्या. "याच वर्षी. सोंगक्रानच्या आत."

"पुण्य कुठेही केलं तरी पुण्यच ना गं आई," वान्दी म्हणाली. वान्दी ही थोरली मुलगी. इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम करते आणि आईवडिलांजवळ राहते.

"हो गं. पण जायचं आहे."

"पुढच्या फेरीला जाऊ," आजोबा म्हणाले. "वाघ बारा वर्षांनी परत येतोच."

"तेव्हा मी चौऱ्याऐंशीची असेन."

"चौऱ्याऐंशीला लोक जात नाहीत का?"

"जातात. डोळे घेऊन जात नाहीत."

त्यांचा एक डोळा आधीच गेला होता. दुसऱ्याने नळीतून पाहिल्यासारखे मधले तेवढे दिसे, आणि नळी दर महिन्याला अरुंद होत होती. पुढच्या थंडीपर्यंत, असे डॉक्टर म्हणाले होते.

घरात त्यांनी याहून जास्त सांगितले नाही. मला मात्र सांगितले. दुसऱ्या दिवशी त्या खाली आल्या, कोंबडीला हुसकले, आणि किती वर्षांनी माझ्या आरशाला माळ बांधली. म्हणाल्या, "माये, मेल्यावर जीव एकटाच जातो. चे हेंगची वाट मला पाठ आहे, पण ते माझं दार नाही. जिथे जायचं ती वाट मी पाहिलेलीच नाही. डोळे आहेत तोवर पाठ करून ठेवू दे."

मित्रांनो, त्या दिवसापासून मला चैन पडेना.

वान्दीने वही काढली. वान्दी काम चोख करते, त्याबद्दल तिला नावे ठेवणार नाही. पानावर पान भरत गेले. कोणता दिवस. आईचे बाराच्या आत जेवण, म्हणजे निघायचे कधी. वाटेतल्या वियांग सा गावात थांबायचे की घाट उतरून रोंग क्वांगला. चिकट भात घरून न्यायचा, भाजलेल्या मिरच्यांची चटणी घरून न्यायची, डुकराची कुरकुरीत कातडी बाजारातून. स्तूपाला गुंडाळायचे पिवळे कापड. गाडी लागली तर हुंगायच्या औषधाची नळी. आणि प्रयातला फोन.

प्रयात च्यांग मायला असतो. त्याची नवी पांढरी मोटार आहे, खरोखरची पांढरी. त्याचा आवाज फोनमधून सगळ्या घराला ऐकू येई. "तुम्ही काही करू नका. मी येतो, दीड तासात नेऊन सोडतो. आई मागे झोपून येईल."

"मला झोपायचं नाही रे," आजी म्हणाल्या. पण तोवर प्रयात जेवण कुठे करायचे यावर गेला होता. फोन ठेवता ठेवता तो असेही म्हणाला की खालच्या त्या डब्याला आता भंगारवाल्याकडे द्यावे, उगीच उंदीर होतात. त्याच महिन्यात भंगारवाला येऊन माझ्या दारावर टिचकी मारून गेला. "पत्रा जाड आहे," तो म्हणाला. हे कौतुक मला आवडले नाही.

पहिली तारीख ठरली ती प्रयातची रजा मंजूर न झाल्याने गेली. दुसऱ्या तारखेच्या आदल्या दिवशी शेजारचे नोइ काका वारले. आमच्याकडे मरणाच्या घरी पाच दिवस सगळे गाव राबते. बाया भाजी चिरतात, पुरुष मांडव घालतात. अशा वेळी गाव सोडून कोणी फिरायला जात नाही. आजी पाचही दिवस तिथे लसूण सोलत बसल्या, आणि संध्याकाळी खाली येऊन माझ्या बॉनेटवर हात ठेवून उभ्या राहत. तिसरी तारीख वान्दीने वहीत लिहिली आणि खोडली, पुन्हा लिहिली, पुन्हा खोडली. मी खाली उभी राहून मनात कितीदा निघाले असेन. चावी फिरत नव्हती आणि रस्ता थांबत नव्हता.

तेवढ्यात डोंगरात आगी लागू लागल्या. दरवर्षी पाने वाळली की लागतात. आधी समोरच्या टेकड्या फिक्या झाल्या, मग दिसेनाशा झाल्या. अंगणात काळी राख उडून येई. चे हेंगचा सोनेरी कळसही कधी असे, कधी नसे.

"पाऊस पडून आकाश धुऊन निघू दे, मग जाऊ," वान्दी म्हणाली.

"पाऊस पडेपर्यंत सोंगक्रान होऊन जाईल," आजी म्हणाल्या. आवाज चढला नाही. पण त्या रात्रीचे स्तोत्र त्यांनी दोनदा म्हटले, कारण पहिल्यांदा मध्येच विसरल्या. हे पूर्वी कधी झाले नव्हते.

शेवटी प्रयात आला. मोटार दाखवायला म्हणून आईला बाजारापर्यंत फिरवून आणले. आजी उतरल्या आणि पायरीवर बसून राहिल्या.

"मऊ आहे ना?" प्रयातने विचारले.

"मऊ आहे."

"मग?"

"काळ्या काचा, बाळा. मला वाटलं उरलेला डोळाही गेला."

"अगं, ऊन लागू नये म्हणून असतात त्या."

"आणि आवाजही नाही. कुठे चढलो, कुठे वळलो, काही कळेना. उशीत घालून नेल्यासारखं." मग त्यांनी माझ्याकडे बोट केले. "खालच्या गाडीनं जाऊ."

माझ्या अंगावरची कोंबडीसुद्धा गप्प झाली असे मला वाटले.

"ती?" प्रयात म्हणाला. "आई, ती वियांग सापर्यंत पोहोचली तर मी मंदिरात जाऊन डोकं भादरून घेईन."

"शाळेत पोहोचवायची तेव्हा बरी चालली तुला," आजोबा म्हणाले.

"बाबा, ती ताशी पन्नासच्या वर जात नाही."

"म्हणूनच," आजी म्हणाल्या. "मला हळूच जायचं आहे. मला तो रस्ता पाठ करायचा आहे, प्रयात. मेल्यावर मला न्यायला तू येणार आहेस का मोटार घेऊन?"

वान्दीने वही मिटली. ती म्हणाली, "हे आधी का नाही सांगितलंस गं?"

"तुम्ही जेवणाचं ठरवत होतात."

थोंगदी मिस्त्री आला. त्याने नवी बॅटरी घातली, रेडिएटरचे पाइप बदलले, ब्रेक बघितले. मग मला फिरवून आणून म्हणाला, "काका, दुसऱ्या गिअरला रडते ही. गिअरची पेटी उघडावी लागेल. पंधरा दिवस द्या."

"पंधरा दिवस नाहीत," आजोबा म्हणाले. "रडू दे."

मला फार लाज वाटली. तो आवाज मला कित्येक वर्षे आहे. चढ आला की छातीतून निघतो, लांब आणि केविलवाणा. ज्या प्रवासासाठी मी इतकी तळमळले तो मी असा रडत करणार होते.

सोंगक्रानच्या आधीची शेवटची पौर्णिमा आली आणि आम्ही पहाटे निघालो. आजोबा चालवायला, शेजारी उघड्या खिडकीपाशी आजी, मांडीवर पिवळे कापड. मागून वान्दी आणि प्रयात पांढऱ्या मोटारीत, भात आणि दोरखंड घेऊन. प्रयातसारख्या मुलाला ताशी चाळीसने चालवणे किती जड गेले असेल, मला कल्पना आहे.

वियांग सापर्यंत सारे ठीक होते. आजी डोके जरा तिरपे करून नळीएवढ्या नजरेने सगळे टिपत होत्या. "पूल. मग साग. मग मंदिराची लाल भिंत," असे पुटपुटत होत्या. सागाला एकही पान नव्हते. मग रस्ता डोंगरात शिरला, आणि समोर धुराशिवाय काही उरले नाही. डोंगर नाही, दरी नाही. कडेचे पांढरे खांब एकेक येत आणि जात.

कापडाची कड आजी बोटांनी चुरगळत होत्या.

"काही दिसत नाही हो," शेवटी म्हणाल्या.

"मलाही दिसत नाही, आणि मी चालवतोय," आजोबा म्हणाले. पण ते हसत नव्हते. "परत फिरू या का?"

आजींनी डोळे मिटले. मला वाटले, संपले. इतक्या दिवसांची तळमळ या धुरात गेली. तेवढ्यात चढ आला. आजोबांनी दुसरा गिअर टाकला. मी आवाज गिळायचा खूप प्रयत्न केला, तरी तो आलाच.

"रडायला लागली," आजी म्हणाल्या. डोळे मिटलेलेच. थोड्या वेळाने, "थांबली. आता उजवीकडे कललो. पुन्हा रडली. दोन."

मग मला कळले. मित्रांनो, मी आवाज दाबायचे सोडून दिले. त्यानंतरचा प्रत्येक चढ मी मोकळ्या गळ्याने रडत चढले, जिथे चढ संपे तिथे नेमकी गप्प झाले, आणि आजी बोटांवर मोजत गेल्या. तीन. चार, हा लांब. पाच. डावीकडून पाण्याचा वास आला तोही त्यांनी हिशेबात धरला. घाटमाथ्यावर प्रांताची सीमा ओलांडली तेव्हा त्या म्हणाल्या, "आठ." पुढे उतारावर माझे ब्रेक तीनदा कुरकुरले, तेही त्यांनी घेतले. रोंग क्वांगला धूर विरळ झाला आणि त्यांनी डोळे उघडले.

पावणेअकराला एका चिंचेखाली सगळे जेवले. प्रयातने माझ्या बॉनेटवर हात ठेवून पाहिला, तापलेय का म्हणून, आणि रेडिएटरमध्ये पाणी घातले. डोके भादरायची आठवण त्याला कोणी करून दिली नाही.

चो हेला मी टेकडीच्या पायथ्याशी उभी राहिले. स्तूप मला दिसला नाही, झाडांच्या वर थोडे सोने तेवढे दिसले. ते वर गेले, कापड अर्पण केले, तीन प्रदक्षिणा घातल्या. दोन तासांनी आजी आल्या, खिडकीपाशी बसल्या.

"झालं समाधान?" आजोबांनी विचारले.

"दार बघितलं," आजी म्हणाल्या. "आता वाट म्हणून दाखवते. चुकले तर सांगा."

त्यांनी शाल डोळ्यांवरून घेतली. उलट्या वाटेने येताना त्या जातानाचीच वाट सांगत होत्या, नानपासून चो हेपर्यंत, न अडखळता. पूल, साग, लाल भिंत, मग चढ.

"आठ रडणी," त्या म्हणाल्या.

"सात," आजोबा म्हणाले.

"आठ मोजली मी."

आजोबा जरा ओशाळले. "सहाव्याला माझा गिअर चुकला होता. ती उगीच रडली. चढ नव्हता तो."

"मग सात," आजी म्हणाल्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच हसल्या. "बरं झालं सांगितलंत. मी तिथे आठवा चढ शोधत बसले असते."

या गोष्टीला आता वर्ष होत आले. आजींच्या नजरेची ती नळी थंडीआधीच मिटली. थोंगदी मिस्त्री पेटी उघडायला आला होता, आवाज घालवायला. आजोबांनी त्याला चहा पाजून परत पाठवले. तेलपाणी बघायला मात्र दर महिन्याला बोलावतात. हौद्यात आता फळ्या नाहीत. दुपारी कधी आजी हाताने चाचपडत येऊन माझ्यात बसतात आणि एकदा नानहून चो हेपर्यंत जाऊन येतात. मी जागीच असते. चढ आला की माझ्या छातीत काहीतरी हलते, पण चावी नसते, म्हणून त्या स्वतःच हलक्या आवाजात तेवढे रडून घेतात, सात वेळा.

मित्रांनो, तुमच्याही अंगणात एखादी जुनी गाडी उभी असेल. आठवड्यातून एकदा तिची चावी फिरवा, तिला रस्त्यापर्यंत नेऊन आणा. उभे राहून आम्ही जास्त झिजतो. आणि घरातले कोणी म्हातारे माणूस अमुक ठिकाणी जायचे आहे म्हणाले, तर तारीख आणि जेवण ठरवण्याआधी त्याला एवढेच विचारा, की तिथे जाऊन तुम्हाला काय करायचे आहे. आमच्या घरात हे विचारायला दोन महिने लागले, आणि तेवढ्यात डोंगरांवर धूर चढला.